कंबर आणि पाय : उपचाराआधी निदान
कण्याचं आरोग्य : लेखांक ५

मागच्या लेखात आपण मणके, त्यांच्यामधल्या गाद्या आणि तिथून बाहेर पडणाऱ्या नसा यांची रचना पाहिली. आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कंबर आणि पाय महिनोन्महिने दुखत असतात. कुणी पट्टा बांधायला सांगतं, कुणी वजनं लावतं, कुणी मालिशवाल्याचा पत्ता देतं, कुणी थेट ऑपरेशनची तारीख. यातलं खरं कोणाचं मानायचं? माझं सांगणं एवढंच आहे, की उपचार निवडण्याआधी दुखणं नेमकं कशाचं आहे हे कुणीतरी हात लावून तपासलेलं असलं पाहिजे. ही पायरी गाळली, की पुढचा सगळा खर्च आणि त्रास अंदाजावर चालतो.

तक्रार एक, कारणं अनेक

‘कंबरेपासून पायापर्यंत कळ येते’ या एकाच वाक्यामागे निरनिराळे आजार असू शकतात.

सर्वांच्या ओळखीचा आहे तो सायटिका. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली किंवा पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधली गादी बाहेर येऊन नसेच्या मुळाला टेकते. मग कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत, कधी थेट पावलापर्यंत जाते. खोकलं, शिंकलं की चमक निघते, पायाला मुंग्या येतात. कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, ही याची मोठी खूण.

साठीनंतर बहुधा वेगळं चित्र दिसतं. मंडईतून पिशवी घेऊन येताना थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, आणि कुठे ओट्यावर टेकलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. ही मज्जारज्जूची वाट अरुंद झाल्याची लक्षणं. अशा माणसाला चालवत नाही, पण सायकल चालवता येते, कारण सायकलवर कंबर वाकलेली असते. याउलट नुसतं उभं राहिल्यावरही पोटरीची कळ थांबत असेल, आणि माणूस तंबाखू ओढणारा किंवा मधुमेही असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. तिथे मणक्याच्या उपचाराचा काही उपयोग नाही.

दुखणं जांघेत असेल, मांडी घालून बसताना किंवा पायमोजा चढवताना अडत असेल, तर दोष खुब्याच्या सांध्याचा असू शकतो. पंचविशी-तिशीतल्या तरुणाची कंबर पहाटे आखडत असेल आणि हालचाल केल्यावर सुटत असेल, तर संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवावं. आणि आपल्या देशात एक गोष्ट विसरून चालणार नाही : मणक्याचा क्षयरोग. रात्री झोपेतही न थांबणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारं वजन असं काही असेल तर बाम आणि शेक यात दिवस घालवू नयेत. वेळेत निदान झालं तर हा आजार औषधांनी बरा होतो.

तपासणी कशी असावी?

चांगली तपासणी साधारण दहा मिनिटांची असते आणि तिला हातोडी, कापूस आणि डॉक्टरांची बोटं एवढंच लागतं. चपला-मोजे काढायला लावून आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालवतात. टाचांवर चालताना पाऊल लटकलं, तर पाचव्या मणक्याखालच्या नसेची शंका येते. चवड्यावर शरीर तोलता आलं नाही, तर त्रिकास्थीच्या पहिल्या नसेची. मग उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय हळूहळू उचलतात. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ धावली तर नस दबल्याचा संशय बळावतो. नुसती मांडीची शीर ताणली, तर त्याला तेवढा अर्थ नाही. पुढे अंगठा वर खेचून धरायला सांगून त्याची ताकद बोटाने अजमावतात, गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडी मारतात, पावलाच्या दोन्ही कडांना कापूस फिरवून स्पर्श विचारतात, खुबा फिरवून पाहतात, पावलावरची नाडी बघतात.

यातलं काहीच न करता समोर ठेवलेली फिल्म उजेडात धरून कुणी ऑपरेशन सुचवत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्यावं.

एमआरआय काय सांगतो?

एमआरआय उत्तम तपासणी आहे, पण दुखत नसलेल्या लोकांच्या कण्यातही तिला बरंच काही दिसतं. २०१५ साली ३,११० जणांवरच्या ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. यातल्या कुणालाच कंबरदुखी नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. गादी फुगल्याचं प्रमाण पन्नाशीत ६० टक्के होतं. म्हणून अहवालातला ‘बल्ज’ हा शब्द वाचून घाबरू नये. फिल्ममधली नस, दुखणारी जागा आणि तपासणीत सापडलेली कमजोरी या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच त्या अहवालाला वजन येतं.

वाट किती पाहायची?

सायटिकाची कळ बहुतेकांच्या बाबतीत सहा ते बारा आठवड्यांत बरीच ओसरते. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर अनेकदा स्वतःच शोषून घेतं. या काळात अंथरुणाला खिळून राहू नये. सोसेल तेवढं चालावं, कामं करावीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी पट्टे, वजनं लावणं, अल्ट्रासाउंड आणि विजेच्या शेकाची मशीनं देऊ नयेत असं सांगितलं आहे. आपल्याकडे अनेकांची फिजिओथेरपी मशीनवरच संपते. तुमच्या दुखण्याला साजेसे व्यायाम शिकवणारा आणि ते दर आठवड्याला वाढवत नेणारा फिजिओथेरपिस्ट शोधा.

नसेच्या गोळ्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. प्रीगॅबॅलिन आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०९ सायटिकाच्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त जणांना आली. तुम्हाला ती चालू असेल तर अचानक बंद करू नका, पण उपयोग होतो आहे का हे डॉक्टरांना विचारा.

ऑपरेशनची भीती आणि घाई, दोन्ही टाळावीत. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट केले होते : लवकर ऑपरेशन आणि आणखी वाट पाहणं. २००७ च्या निष्कर्षांनुसार ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतल्या ९५ टक्के जणांना आपण बरे झालो असं वाटत होतं. म्हणजे वेदना किती सोसवते, काम किती दिवस थांबवता येतं, हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. तो त्याला समजावून दिला पाहिजे.

इथे मात्र थांबू नका

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला किंवा पायाची ताकद झपाट्याने कमी झाली, तर ती तातडीची वेळ आहे. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मणक्याचं ऑपरेशन होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात जा. इथे वाया गेलेल्या तासांचं नुकसान कायमचं ठरू शकतं.

बाकी सर्वांनी पुढच्या भेटीत तीन प्रश्न विचारावेत. माझं दुखणं नेमकं कुठून येतंय आणि ते तपासणीत कसं दिसलं? काही न करता थांबलो तर काय होईल? या उपचाराचा उपयोग होतोय की नाही, हे किती आठवड्यांनी आणि कशावरून ठरवायचं? ज्या डॉक्टरांकडे यांची सरळ उत्तरं मिळतात, तिथे टिकून राहा. दर महिन्याला डॉक्टर बदलल्याने दुखणं पुन्हा पहिल्या पानावर येतं, आणि बरं होण्यासाठी लागणारा वेळ कुठल्याच उपचाराला मिळत नाही.

(पुढील आठवड्यात : घरी करायचे व्यायाम, कोणते कुणासाठी आणि कोणते टाळायचे)