वेताळ, सोंगट्या आणि रद्दीचा तराजू

मैत्रिणींनो, आज आधी एक कबुली देते. माझे लग्न ठरले त्या वर्षी धुळ्याच्या माहेरी रंगकाम निघाले. माळ्यावर दादाची पत्र्याची ट्रंक होती, ‘इंद्रजाल कॉमिक्स’नी गच्च भरलेली. दादा नोकरीला पुण्याला. आईने आणि मी मिळून ती सगळी रद्दीवाल्याच्या तराजूत घातली. आलेल्या पैशांत स्टीलचे दोन डबे घेतले. सुट्टीत दादा आला, रिकामी ट्रंक पाहिली आणि त्या दिवशी जेवला नाही. “पसारा नुसता!” हे आपण बायका किती सहज म्हणतो, नाही?

हे आठवायला कारण झाला माझा दहा वर्षांचा मुलगा. जळगावात इंग्रजी शाळेत जातो. मराठी बोलतो फाडफाड, पण वाचायचे म्हटले की एकेक अक्षर लावीत बसतो. मग त्याची त्यालाच लाज वाटते. धुळ्याची आजी चौथी शिकलेली, त्यातून डोळ्यांचे ऑपरेशन झालेले. “वाच रे बाळा थोडा पेपर,” असे ती म्हणाली की हा मोबाईल घेऊन गच्चीवर! “त्याला माझ्याजवळ बसायलाच नको,” असे आई एकदा म्हणाली, ते माझ्या मनाला फार लागले.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस मी ठरवूनच काढला. एसटीत आपल्याला २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. सकाळची गाडी धरली. पिशवीत नणंदेकडून मागून आणलेली ‘अमर चित्र कथे’ची चार मराठी पुस्तके होती. अनंत पै यांनी ही माला १९६७ साली सुरू केली. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून त्यांना ती सुचली, असे सांगतात.

चित्रकथा वाचून मुले बिघडतात, असे आपल्या आया म्हणायच्या. मला तर उलटे दिसले. अख्खे पान भरून मजकूर पाहिला की जे मूल घाबरते, ते फुग्यातली चार-पाच शब्दांची ओळ सहज वाचते. अडले तर चित्र सांगते. एरंडोल येईपर्यंत एक पुस्तक संपले होते!

धुळ्याला भरीत-पुरी झाली आणि खेळ निघाला. त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एसटीचा रस्ता आखला होता: जळगाव, पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे, धुळे. सोंगट्या म्हणजे माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणे. मी एकच अट घातली, नियम मराठीत आणि ठळक अक्षरात लिहायचे, कारण पहिली खेळणारी आजी!

खेळ तपासायची रीत सोपी आहे. ज्याने केला त्याने नियम वाचून दाखवायचे आणि मग गप्प बसायचे. ज्याने कधी पाहिला नाही त्याने खेळायचे. कुठे अडते ते आपोआप कळते. नियम होता, ‘फागण्याला गाडी बंद पडली, परत पारोळ्याला जा.’ पारोळ्याला चहासाठी एक डाव थांबायचे. आई तीनदा फागण्याला सापडली. “अरे, मी धुळ्याला पोचणार कधी?” हसून हसून पुरेवाट झाली. त्याने नियम खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा वाचला. असे तीन वेळा. एरवी शुद्धलेखनाच्या वहीत तीन ओळी लिहायला रडतो!

मग आईने मोक्षपटाची गोष्ट काढली. सापशिडीचा हा जुना अवतार परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. पोराने विचारले, “मग मोबाईलचा साप कुठल्या घरात?” मी काही बोलले नाही.

संध्याकाळी आग्रा रोडमागच्या एका गल्लीत जुन्या पुस्तकांचे दुकान गाठले. “काय जोयजे ताई?” मी म्हटले, वेताळ. दुकानदार हसला. ‘इंद्रजाल’ १९६४ साली सुरू झाले आणि १९९० साली बंद पडले. आता हौशी लोक ते शोधत फिरतात. तरी तासभर गठ्ठे उपसले. ‘किशोर’चे दोन जुने अंक मिळाले आणि तळाशी एक वेताळ, शेवटची पाने गेलेला.

रात्री तो आजीच्या पांघरुणात शिरून मोठ्याने वाचत होता. पाने संपली. “मंग काय व्हयनं रे?” आजीने विचारले. त्याने वही घेतली आणि शेवट स्वतःच लिहिला. ‘वेताळ’चा काना-मात्रा चुकलेला होता. कोणीच टोकले नाही. मी फोटो काढून दादाला पाठवला. लगेच त्याचा फोन. “खरा शेवट मला पाठ आहे,” तो म्हणाला, “पण सांगणार नाही. याचाच राहू दे.”

जुनी पुस्तके घरी आणताना

• घेण्यापूर्वी पाने मोजा. मधली आणि शेवटची आधी पाहा.
• कुबट वास असेल तर दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर उघडे ठेवा. कडक उन्हात कागद पिवळा पडून कडकडतो.
• गंजलेली पिन हळूच काढा आणि सुईदोऱ्याने दोन टाके घाला.
• फाटल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, पुढे डाग पडतात. पातळ कागदाची पट्टी चिकटवा.
• कपाटात ठेवताना कडुनिंबाची वाळलेली पाने घाला. कसर लागलेले पुस्तक वेगळे ठेवा.
• ‘किशोर’ १९७१ पासून निघते. बालभारतीने त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत.

आणि शेवटचे. घरातली ट्रंक रिकामी करायची असेल तर जरूर करा. फक्त तराजू दारात येण्याआधी, ती ज्याची आहे त्याला एकदा विचारा.