पुढचा ॲक्सल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिकजवळच्या देवळालीत ९ नोव्हेंबर २०१८ रोजी के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफांसोबत अशोक लेलँडने बनवलेले तोफ ओढणारे सिक्स बाय सिक्स वाहन, म्हणजे ज्याच्या तिन्ही ॲक्सलना इंजिनाची ताकद पोचते असे वाहन, लष्करात दाखल झाले. चर्चा अर्थातच तोफांची झाली. असे वाहन किंवा नाशिकजवळच्याच सारूळच्या खाणीतून खडी भरून निघालेला टिपर डांबरी रस्ता सोडून चालू लागला, की सर्वांत गुंतागुंतीचा ताण पुढच्या ॲक्सलवर येतो. त्याच्याविषयीचे समज मात्र बहुतेक मागच्या ॲक्सलकडे पाहून बनलेले असतात.

माल मागे असतो, तेव्हा पुढच्या ॲक्सलला विशेष काही सोसावे लागत नाही, हा त्यांतला सर्वांत रुळलेला समज होय. उभ्या गाडीपुरता तो बराचसा खरा आहे. तीन ॲक्सलच्या गाडीची एकूण वजनमर्यादा केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन केली. पूर्ण भरलेल्या टिपरमध्ये त्यांपैकी सातएक टनच पुढे येतात. परंतु कसारा घाट उतरताना ब्रेक दाबला, की हा हिशोब बदलतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.६ मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलमधले अंतर ४.३ मीटर धरले, आणि ब्रेकचा जोर गाडीच्या वजनाच्या ०.४ पट मानला, तर सपाटीवरही सुमारे सव्वाचार टन भार मागून पुढे सरकतो, आणि उतारावर त्यात आणखी भर पडते. मागे हा भार आठ टायरांत वाटला जातो, पुढे तो दोनच टायरांवर येतो, आणि त्याच क्षणी त्यांतले एक चाक खड्ड्यात असू शकते.

दुसरा समज असा, की जाडजूड घन गोल दांडा हाच सर्वांत मजबूत ॲक्सल. चाके दोन्ही टोकांना वर रेटतात आणि पोलादी पाट्यांच्या कमानींवरून (लीफ स्प्रिंगवरून) येणारे वजन आतल्या बाजूस खाली दाबते, त्यामुळे दोन्ही कमानींच्या बैठकांमधला भाग वाकू पाहतो. त्याच्या खालच्या पृष्ठावर ताण, वरच्यावर दाब आणि मध्यरेषेवर जवळजवळ काहीच येत नाही. म्हणूनच तिथे आय आकाराचा छेद ठेवून पोलाद वर-खाली, जिथे त्याचे काम आहे तिथेच, ठेवलेले असते. बैठकीच्या बाहेर, चाक ज्याभोवती वळते त्या किंगपिनकडे जाताना, मात्र ब्रेकमुळे पिळाचे बल वाढते, आणि आय छेद पिळाला फारसा विरोध करू शकत नसल्याने तोच तुळईसारखा भाग तिकडे भरीव आणि गोलसर होत जातो. पुण्याची भारत फोर्ज अशा घडीव तुळयांसाठी ओळखली जाते. घडवताना धातूचे तंतू आकाराला धरून वळतात, हे घडाईचे खरे बळ. तडा गेलेल्या तुळईला वेल्डिंग करून ती ‘पहिल्यासारखी’ झाली असे मानणे धोक्याचे आहे, कारण उष्णता-प्रक्रियेने पोलादाला आलेले गुण त्या उष्णतेने जोडाभोवती बिघडतात आणि थंड होताना तिथे ताण अडकून राहतो.

ॲक्सल एका मोठ्या खड्ड्याने तुटला, असे सांगितले जाते. तो खड्डा बहुधा शेवटचा असतो, एवढेच. तुटलेले तोंड जवळून पाहिले, तर एका बाजूला घासून गुळगुळीत झालेला, लाटांसारख्या रेघांचा भाग दिसतो आणि उरलेला दाणेदार, खरखरीत. पहिला भाग तडा हळूहळू सरकत गेल्याचा, दुसरा अखेरच्या झटक्याचा. एका झटक्यात ॲक्सल न मोडणारा भारही लाखो वेळा आला तर धातू थकतो, हे अभियंता ऑगस्ट वोलर याने एकोणिसाव्या शतकातच रेल्वेच्या ॲक्सलवर दाखवून दिले होते.

सर्वांत खर्चिक गैरसमज पाट्यांबाबतचा आहे. पुढे एक-दोन पाटे जास्त चढवले, की ॲक्सलचे रक्षण होते, असे मानले जाते. आठ सारख्या पाट्यांत दोन वाढवले, तर कमानीचा ताठरपणा साधारण पाव पटीने वाढतो. ती कमी दबते, आणि न दबता राहिलेला धक्का ॲक्सल व चासी यांना सोसावा लागतो. खाणीच्या वाटेवर, जिथे एक चाक दगडावर आणि दुसरे खळग्यात असते, ताठर कमानीमुळे एखादे चाक अधांतरी राहते आणि त्याचा भार बाकीच्यांवर पडतो. रिकामा टिपर परतताना तर तीच कमान जवळपास हलतच नाही. शॉक ॲब्सॉर्बरवरही भिस्त ठेवता येत नाही, कारण तो वजन उचलत नाही. तो फक्त कमानीची उसळी शमवतो.

सिक्स बाय सिक्समध्ये पुढचा ॲक्सल पोकळ असतो आणि आतली शाफ्ट चाक फिरवते. अवजड वाहनांच्या नेहमीच्या रचनेत वजन बाहेरच्या आवरणावर आणि शाफ्टवर केवळ पीळ येतो, त्यामुळे शाफ्ट तुटली म्हणजे माल जास्त होता, हे अनुमान टिकत नाही. चिखलात रुतलेले चाक एकाएकी धरले गेले, तरी ती तुटते.

पाटा नेमका सगळ्या पाट्यांना एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून तुटण्याचे प्रकारही ओव्हरलोडच्या नावावर जमा होतात. कमान ॲक्सलवर आवळून धरणारा यू-बोल्ट घट्ट असेपर्यंत त्याखालचा भाग वाकत नाही आणि ते भोक ताणापासून सुरक्षित राहते; तो सैल झाला, की वाक थेट भोकापर्यंत पोचतो. अशा वेळी आधी यू-बोल्ट तपासावा लागतो, कारण आणखी एक पाटा चढवल्याने ते भोक काही झाकले जात नाही.