पर्यावरण-सल्लागाराचा व्यवसाय

रसायनशास्त्र, भूशास्त्र वा वनस्पतिशास्त्र यांत पदव्युत्तर शिक्षण पुरे करणाऱ्या विद्यार्थ्यास अध्यापन व संशोधन यांखेरीज पर्यावरण-सल्लागाराचा मार्गही आज खुला आहे. हा व्यवसाय आपल्याकडे मुख्यतः कायद्यातून जन्मास आला. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमान्वये १९९४ साली निघालेल्या अधिसूचनेने खाणी, धरणे, औष्णिक वीजकेंद्रे इत्यादी प्रकल्पांस पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. २००६ च्या अधिसूचनेने ती व्यवस्था नव्याने बांधली. परवानगीसाठी लागणारा आघात-मूल्यांकनाचा अहवाल सिद्ध करणे हे सल्लागाराचे प्रमुख कार्य होय.

हे कार्य एकट्याचे नव्हे. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाकडून सल्लागार-संस्थेस अधिस्वीकृती घ्यावी लागते, व तीत हवा, पाणी, भूजल, परिसंस्था, समाजजीवन आदी शाखांचे तज्ज्ञ आणि एक समन्वयक असावे लागतात. नवपदवीधर प्रथम साहाय्यक म्हणून शिरतो व बहुधा नमुने गोळा करीत हिंडतो. हे काम हलके मानू नये. पुढील सारे गणित त्याच नोंदींवर उभे राहते.

त्या नोंदी केव्हा घेतल्या, हा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. पुष्कळ प्रकल्पांच्या बाबतीत पावसाळा वगळून एका ऋतूतील निरीक्षणे पुरेशी मानली जातात. हवेपुरते हे सयुक्तिकच आहे, कारण पावसाने धूळ बसते व प्रदूषण असते त्याहून कमी भासते. परंतु कोकणातील जांभ्याचा सडा घ्या. मे महिन्यात तो केवळ तापलेला कातळ असतो. महसुली दप्तरातही त्याची नोंद अनेकदा पोटखराबा अशीच सापडते. पावसाळ्यात त्याच कातळावर गेंद, सीतेची आसवे यांसारख्या अल्पायुषी वनस्पती उगवतात, डबक्यांत बेडकांची वीण होते, आणि भेगांतून मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना मिळते. उन्हाळ्यात जाऊन ‘उल्लेखनीय वनस्पती नाहीत’ असे लिहिणारा सल्लागार नियम मोडीत नाही. तरीही त्याचे विधान असत्य ठरते. ज्याला हे ठाऊक आहे त्याने पावसाळी पाहणीचा आग्रह धरावयास हवा, मग विलंबामुळे प्रवर्तक रुष्ट झाला तरी.

आणि तो रुष्ट होतोच. व्यवसायातील खरी अडचण येथे आहे : ज्याच्या प्रकल्पाची परीक्षा करावयाची, तोच सल्लागाराची नेमणूक करतो व मेहनतानाही देतो. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीसंबंधीचा मजकूर जसाच्या तसा उतरविलेला आढळला होता. असा प्रकार निव्वळ अज्ञानातून घडत नाही. घाई आणि स्वस्ताई यांचाही त्यात वाटा असतो. अधिस्वीकृतीच्या पद्धतीने पात्रतेची तपासणी झाली, मेहनतान्याचा स्रोत मात्र बदलला नाही.

विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो, व जनसुनावणीपूर्वी लोकांस किमान तीस दिवसांची सूचना मिळते. झऱ्याचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते हे गावकऱ्यांस पाठ असते. ते सभेत तोच प्रश्न विचारतात, आणि प्रवर्तकाचा प्रतिनिधी उत्तरासाठी सल्लागाराकडे वळतो.