वेग वाढवणारी पेटी आणि तिने हात लावू नये असे ट्रॅफिक

दूरच्या दोन कार्यालयांमधली देवाणघेवाण जलद करणारी उपकरणे जोडीने बसवतात. एक या टोकाला, दुसरे त्या टोकाला. नेटवर्कवाले त्यांना वॅन ऑप्टिमायझर किंवा अ‍ॅक्सेलरेटर म्हणतात. बोलताना नुसते ‘बॉक्स’. या क्षेत्रातले सर्वांत ओळखीचे नाव म्हणजे अमेरिकेतल्या रिव्हरबेड कंपनीचे स्टीलहेड. कंपनी 2002 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या दशकात बँका, कारखाने व आयटी कंपन्यांच्या सर्व्हर-खोल्यांत तिची उपकरणे सर्रास दिसू लागली.

अशा उपकरणाची गरज अंतरामुळे निर्माण होते. मुंबई आणि न्यू यॉर्क एकमेकांपासून सुमारे 12,500 किलोमीटर दूर आहेत. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला जवळपास 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेत केबल टाकली तरी निरोप जाऊन उत्तर यायला 125 मिलिसेकंद हवेतच. केबल सरळ रेषेत नसते आणि वाटेत राउटर लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा 200 च्या आसपास किंवा वर जातो. जुन्या टीसीपीमध्ये पोच मिळण्याआधी जास्तीत जास्त 64 किलोबाइट पाठवता येत. सेकंदाला पाच फेऱ्या धरल्या तर एका जोडणीवरून जेमतेम अडीच मेगाबिट जातात, मग लाइन 100 मेगाबिटची का असेना. जास्त बँडविड्थ विकत घेऊनही फाइल तितकीच रेंगाळते, हे अनेक कार्यालयांना पैसे भरल्यावर कळले.

अ‍ॅक्सेलरेटर त्यावर तीन उपाय करतो. टीसीपीची जोडणी तो स्वतःच्या हातात घेतो आणि मधल्या लांब टप्प्यावर मोठी खिडकी, म्हणजे पोच येण्याआधी पाठवता येणाऱ्या डेटाची मोठी मर्यादा, वापरतो. एकदा गेलेल्या डेटाचे बारीक तुकडे दोन्ही टोकांच्या डिस्कवर जपून ठेवतो आणि पुन्हा तेच तुकडे आले तर त्यांच्याऐवजी केवळ खुणेचा क्रमांक पाठवतो. तिसरा उपाय बडबड्या प्रोटोकॉलसाठी आहे. विंडोजची जुनी फाइल-शेअरिंग पद्धत एक फाइल उघडायला शेकडो प्रश्नोत्तरे करत असे. 500 फेऱ्या आणि प्रत्येकी 200 मिलिसेकंद धरले तर 100 सेकंद तिथेच गेले. बॉक्स यातली बरीच उत्तरे सर्व्हरच्या वतीने जवळच्या जवळ देऊन टाकतो.

यातला प्रत्येक उपाय मूळ संवादात हस्तक्षेप करतो, आणि प्रत्येक संवादाला हस्तक्षेप सोसत नाही. त्यामुळे बॉक्स बसवणे अर्ध्या दिवसाचेच काम असले तरी कोणते ट्रॅफिक त्याच्या हाती द्यायचे आणि कोणते तसेच पुढे जाऊ द्यायचे, हे ठरवण्यात खरे कसब लागते.

इनलाइन मांडणीत बॉक्स स्विच आणि राउटर यांच्यामधल्या केबलमध्येच बसतो. एका पोर्टला कार्यालयाची बाजू, दुसऱ्याला बाहेरची. कार्यालयातून नवी जोडणी सुरू करणारे पहिले पॅकेट, म्हणजे सिन, आले की स्टीलहेड आपल्या नियमांची यादी वरून खाली वाचतो. जो नियम पहिला जुळला तो लागू होतो आणि पुढचे वाचलेच जात नाहीत. नियमात उगमाचा पत्ता, गंतव्य पत्ता, पोर्ट आणि व्हीलॅन सांगता येतो. निवाडा साधारणतः यांपैकी एक असतो: पलीकडचा जोडीदार आपोआप शोधून वेग वाढवा, ठरावीक जोडीदाराकडेच पाठवा, थेट जाऊ द्या, नाकारा किंवा गुपचूप टाकून द्या.

जोडीदार शोधण्याची युक्ती मोठी सुबक आहे. बॉक्स सिनमध्ये टीसीपीचा एक जादा पर्याय, क्रमांक 76, घालून ते पुढे सोडतो. पलीकडच्या बॉक्सला तो दिसला की तो ओळख देतो. वाटेतली एखादी फायरवॉल मात्र अनोळखी पर्याय काढून टाकते. मग जोडीदार सापडत नाही आणि जोडणी वेगाविना जाते. काही बिघडलेले दिसत नाही, फक्त महागडा बॉक्स रिकामा बसून असतो.

कारखान्यातून येतानाच यादीत थेट सोडण्याचे तीन नियम असतात. पहिला सुरक्षित पोर्टांचा: एसएसएचचे 22, एचटीटीपीएसचे 443 वगैरे. कूटबद्ध डेटा दर वेळी वेगळा दिसतो. त्यात पुन्हा येणारा तुकडा सापडत नाही आणि तो दाबून लहानही होत नाही. सर्व्हरची प्रमाणपत्रे व किल्ल्या बॉक्सकडे सोपवल्या तर तो हे ट्रॅफिकही उलगडू शकतो, पण तो निर्णय नेटवर्क विभागाने एकट्याने घ्यायचा नसतो. दुसरा नियम तत्काळ संवादाचा: टेलनेटचे 23, रिमोट डेस्कटॉपचे 3389, राउटरांच्या आपसातल्या बीजीपीचे 179. इथे पॅकेट चिमुकली असतात आणि कोणी रोखून धरलेली चालत नाहीत. तिसरा नियम बॉक्सांच्या स्वतःच्या बोलण्याचा, 7800 आणि त्याच्या सोबतची पोर्ट. इंटरनेटवरचा आवाज यूडीपी या वेगळ्या प्रोटोकॉलवरून जातो, त्यामुळे टीसीपीसाठीची ही यंत्रणा त्याच्या वाटेला जात नाही. आधीच दाबलेले व्हिडिओ आणि कूटबद्ध बॅकअप यांना मात्र स्वतः नियम लिहून बाजूला काढावे लागते. नाहीतर डिस्कवर जपलेले उपयोगी तुकडे बाहेर ढकलले जातात आणि सगळ्यांचाच वेग उतरतो.

नियम लिहिताना हमखास होणारी चूक क्रमाची असते. शाखेच्या संपूर्ण सबनेटला वेग द्या असा ऐसपैस नियम वर, आणि त्याच सबनेटमधला बॅकअप सर्व्हर वगळा असा नेमका नियम खाली ठेवला तर खालचा कधीच जुळत नाही. दुसरी गोष्ट अशी की निवाडा फक्त सिनच्या वेळी होतो. नियम बदलला तरी चालू जोडण्या जुन्या निवाड्यावरच चालतात. त्या तोडून पुन्हा जोडल्याशिवाय फरक पडत नाही. बॉक्स सुरू होण्याआधीपासून उघड्या असलेल्या जोडण्यांचे सिन त्याने पाहिलेलेच नसते, म्हणून त्यांना तो हात लावत नाही. आणि उत्तराची पॅकेट दुसऱ्याच लाइनने परत येत असतील तर त्याला अर्धेच संभाषण ऐकू येते. असे आढळले की स्टीलहेड त्या दोन पत्त्यांना काही काळ थेट सोडतो.

‘थेट सोडलेले’ ट्रॅफिकही जाते त्याच बॉक्समधून, हे अनेकदा विसरले जाते. वीज गेली किंवा उपकरण कोसळले तर आतला रिले दोन्ही पोर्ट एकमेकांना जोडतो आणि बॉक्स साध्या केबलसारखा वागतो. पण केबलचा प्रकार किंवा डुप्लेक्सची मांडणी चुकली असेल तर ती चूक नेमकी तेव्हाच उघडी पडते. म्हणून बसवतानाच बॉक्स मुद्दाम बंद करून राउटर आणि स्विच एकमेकांशी बोलतात का, हे तपासावे. काही ट्रॅफिक बॉक्सपर्यंत पोहोचूच नये अशी अट असेल तर निवड राउटरवर करावी लागते. सिस्कोने आणलेली डब्ल्यूसीसीपी किंवा धोरणानुसार मार्ग ठरवण्याची सोय वापरून राउटर निवडक ट्रॅफिकच बॉक्सकडे वळवतो. त्यात बॉक्स बाजूला उभा असतो आणि मांडणी इनलाइन राहत नाही.

निवडीचा आणखी एक परिणाम देखरेखीवर होतो. नेहमीच्या पद्धतीत दोन बॉक्समधल्या टप्प्यावर मूळ पत्ते दिसत नाहीत; दिसतात फक्त दोन बॉक्सचे पत्ते आणि 7800. मधली फायरवॉल आणि हिशेब ठेवणारी साधने तिथे आंधळी होतात. मूळ पत्ते व पोर्ट तसेच दाखवण्याची पद्धत उपलब्ध आहे, पण आतला मजकूर बदललेला असल्याने काही फायरवॉल तिच्यावरही संशय घेतात.

गेल्या काही वर्षांत या उपकरणांच्या हाती येणारे ट्रॅफिकच घटले. विंडोज व्हिस्टासोबत आलेल्या नव्या फाइल-शेअरिंग प्रोटोकॉलने बडबड कमी केली, बहुतेक सॉफ्टवेअर 443 वर गेले, आणि 2021 मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा प्रोटोकॉल तर यूडीपीवरच चालतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये रिव्हरबेडने अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागितले. आजही बॉक्स चालवणाऱ्या कार्यालयांनी जुनी यादी उलटी करणे श्रेयस्कर आहे: तळाशी ‘सगळे थेट सोडा’ हा नियम, आणि त्याच्या वर मोजून फायदा सिद्ध झालेल्या मोजक्या सर्व्हरांना वेग देणारे नियम.