अपस्फीत नीला : कारणे, लक्षणे व उपाययोजना

प्रस्तावना : पायांवर त्वचेखाली फुगलेल्या, नागमोडी शिरांना अपस्फीत नीला अथवा व्यवहारात 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात. दीर्घकाळ उभे राहून अध्यापन करणाऱ्यांमध्ये ही तक्रार आढळते. परंतु ती केवळ थकवा वा सौंदर्याचा प्रश्न समजून दुर्लक्षिली जाते.

कारणे : पायांतील रक्ताला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हृदयाकडे जावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात व नीलांमधील झडपा ते खाली परतू देत नाहीत. पादुआ येथील फाब्रिसियस यांनी १६०३ मध्ये या झडपांचे सचित्र वर्णन केले; त्यांचे खरे कार्य मात्र त्यांचे शिष्य विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये स्पष्ट केले. झडपा निकामी झाल्यास रक्त साचते व नीला फुगतात. आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण, स्थूलता व खोल नीलेत पूर्वी झालेली गुठळी ही प्रमुख कारणे होत. निश्चल उभे राहिल्यास पोटरीचे कार्य थांबते व घोट्याजवळील नीलांतील दाब वाढलेलाच राहतो.

लक्षणे : सायंकाळी पाय जड होणे, ठणकणे, घोट्याभोवती सूज, खाज व रात्री पेटके येणे ही प्रारंभिक लक्षणे होत. पुढे घोट्याच्या आतील बाजूची त्वचा काळवंडते, इसब होतो व अखेरीस न भरणारा व्रण होऊ शकतो. शीर फुटून रक्तस्राव झाल्यास आडवे होऊन पाय उंच धरावा, जखम दाबून ठेवावी व वैद्यकीय मदत घ्यावी. एकाच पायाला अचानक वेदनायुक्त सूज आल्यास खोल नीलेतील गुठळीची शक्यता असते. अशा वेळी तातडीने तपासणी आवश्यक ठरते.

उपाययोजना : डुप्लेक्स सोनोग्राफीने सदोष झडपांचे स्थान कळते. नियमित चालणे, वजन आटोक्यात ठेवणे व विश्रांतीच्या वेळी पाय उंच ठेवणे यांमुळे त्रास कमी होतो. मात्र बिघडलेल्या झडपा त्यामुळे पूर्ववत होत नाहीत. दाब देणारे मोजे वापरण्यापूर्वी पायांच्या रोहिण्यांतील रक्तपुरवठा तपासावा. लेसर वा रेडिओलहरींच्या उष्णतेने सदोष नीला बंद करणे, फेसाळ औषधाचे इंजेक्शन व शस्त्रक्रिया हे पर्याय उपलब्ध आहेत. व्रण असलेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नीलांवर लवकर उपचार केल्यास व्रण भरण्याचा मध्यक काळ ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर आल्याचे दिसले.

समारोप : तासिकेत एकाच जागी उभे न राहता वर्गात फिरत शिकवणे हा साधा उपाय आहे. तथापि त्वचेचा रंग बदलू लागल्यास केवळ घरगुती उपायांवर विसंबणे योग्य नव्हे.