टोरांटोची चिठ्ठी: चेऊलकर आणि स्पडायनाचा नाका



"कॅनडात आपलं कोनी हाये का?" असं गावाकडचा माणूस हमखास विचारतो. होतं! 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, 'गोलमाल'मधले डॉ. केदार, म्हणजे आपले डेव्हिड, अखेरच्या काळात टोरांटोत आले आणि इथंच वारले. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मराठी बोलणारे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनाव कोकणातल्या चौलचं.

इथल्या ज्यूंचं नाटक मात्र यिडिशमध्ये चाले. ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, जर्मनच्या नात्यातली, लिहायची हिब्रू अक्षरांत. स्पडायना आणि डंडास रस्त्यांच्या नाक्यावर 1920च्या दशकात त्यांनी खास यिडिश नाटकांसाठी 'स्टँडर्ड' थिएटर बांधलं. पुढं त्याचं सिनेमागृह झालं, मग तिथं अंगप्रदर्शनाचे खेळ लागले, नंतर चिनी सिनेमे. कॅनडा समजून घ्यायचा तर ही एक इमारत पुरे. नवा जथा येतो, स्वस्त वस्तीत दुकान आणि रंगमंच मांडतो, बरे दिवस आले की उपनगरात जातो. 1971 साली सरकारनं बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केलं, पण तोवर यिडिशचा प्रेक्षक इंग्रजी तिकीट काढू लागला होता.

नटही तिकडंच गेले. मुनी वायझनफ्रॉइंड हा पोरगा बाराव्या वर्षी यिडिश रंगभूमीवर ऐंशीचा म्हातारा रंगवायचा. हॉलिवूडनं त्याला पॉल मुनी केलं आणि लुई पाश्चरच्या भूमिकेसाठी ऑस्कर दिलं. आपल्या डेव्हिडनीही म्हातारे काकाच जास्त रंगवले. 1954च्या जॉन चाचानं त्यांना फिल्मफेअर मिळवून दिलं, 1969 साली पद्मश्री आली. पडद्यावर चेऊलकर गळालं, डेव्हिड राहिलं. ज्यू म्हणून त्यांना वेगळं थिएटर लागलं नाही. कधी ते ख्रिस्ती अंकल टॉम झाले, कधी हरिपद भैया. प्रेक्षकानं जातधर्म विचारला नाही. हे श्रेय मी हिंदी सिनेमाला मोकळ्या मनानं देतो, एरवी त्याच्याबद्दल माझी तक्रारच असते.

यिडिश नाटकाचा प्रेक्षक गेला, आता आपली पाळी आहे. इथल्या मराठी नाटकाला पुढच्या रांगांत आजी-आजोबा असतात, नातवंडं बाहेर. त्यांच्यासाठी इंग्रजी सारांश छापून वाटावा, अशी टूम निघाली आहे. माझा विरोध आहे. सारांश वाचून पोरगं आत येईल, पण हशा पिकल्यावर शेजाऱ्याकडं बघत बसेल. त्यापेक्षा त्यालाच एखादी भूमिका द्या, चार वाक्यांची का होईना.