शनिवार, रविवार आणि ज्वारीचे कणीस

राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या शेतावर रब्बी ज्वारी फुलोऱ्यास आली, की वनस्पतिप्रजननाच्या विद्यार्थ्यास सुटी उरत नाही. शनिवारी दुपारी तो मालदांडीच्या कणसापाशी बसतो. उमललेली व अगदी कोवळी फुले छाटून टाकावयाची आणि दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या प्रत्येक फुलातील तिन्ही परागकोश, न फुटू देता, सुईने काढावयाचे. एखादा जरी राहिला तरी स्वपरागाचे बी धरते व संकरात भेसळ होते. मग कणसावर कागदी पिशवी चढविली जाते.

रात्री स्नेहसंमेलनातील नाटकाची तालीम. त्यात पाटलाची भूमिका त्याच्याकडे आहे. ती त्यास अद्याप धड पाठ नाही, हा भाग निराळा! परंतु ज्वारीचे पराग काही तासांतच निर्जीव होतात. म्हणून रविवारी सकाळी, थंडीत कुडकुडत, तो नरवाणाचे ताजे पराग पिशवीत झाडून घेतो, मादी कणसावर शिंपडतो आणि पिशवी पुन्हा बांधून तिच्यावर तारीख लिहितो.

पुढे राष्ट्रीय सेवा योजनेचे श्रमदान. कुदळ चालविताना त्याचे लक्ष राहून राहून त्या पिशवीकडे जाते. आतील दाणे संकराचे की स्वपरागाचे, हे पुढील हंगामात रोपे वाढल्यावरच कळावयाचे.